सातारा हिल हाफ मॅरेथॉन: गुरुवारपर्यंत आपापली वेळ कळवा

मंडळी, यवतेश्वरचा घाट चढून-उतरून आलेल्या सगळ्यांचं अभिनंदन! ज्यांना जिना उतरताना अजून कठडा धरावा लागतोय, त्यांचं जरा जास्तच.

क्लबच्या निकालाची यादी करायला घेतली आहे. गुरुवारी रात्री ९ पर्यंत मला वैयक्तिक मेसेज करा. ग्रुपवर टाकू नका, शुभेच्छांच्या फुलांखाली सापडत नाही.

– नाव, बिब नंबर (छातीवर लावलेला), वयोगट
– सर्टिफिकेटवरची नेट वेळ, म्हणजे स्टार्टची वेळ नोंदवणारी मॅट ओलांडल्यापासूनची. मनगटावरच्या घड्याळातली चालणार नाही. घाटाच्या वळणांत जीपीएस २१.१ किमीचे कधी २०.८ करतं, कधी २१.४.
– पहिलीच हाफ असेल तर तसं नक्की लिहा

रविवारी सकाळी ६ ला शाहू स्टेडियमच्या गेटपाशी भेटू. हलके ५ किमी, मग यादीचं वाचन आणि पोहे. वयोगटात नंबर आलेल्यांनी ट्रॉफी आणा, फोटो काढायचा आहे. पहिल्यांदा धावलेल्यांची नावं आधी वाचणार, वेगवाल्यांनी रुसू नये.

येणाऱ्यांनी शनिवारी दुपारपर्यंत ग्रुपवर ‘येतोय/येतेय’ लिहा. मागच्या वेळी १२ जणांनी कळवलं आणि २० जण जेवले. चहाचा पेला आपापला आणा.