रिप्लाय दाबायच्या आधी

प्रिय बाळा,

काल रात्री फोनवर तू बोलत होतास तेव्हा मी नुसतं हं हं करत होते, कारण त्या वेळी तुला ऐकणारं कोणीतरी हवं होतं. मॅनेजरने सगळ्या टीमला सीसी करून तुझ्यावर खापर फोडलं, चूक तुझी नव्हतीच, आणि तू तीनदा उत्तर टाइप करून तीनदा खोडलंस. शेवटी म्हणालास, आई तुझ्यासारखं रोज डोळे मिटून बसायला पाहिजे गं पण वेळ कुठंय. ते काही डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले.

वेळ नाही हे खरंय. पण बुद्धाने सांगितलेली सति म्हणजे सजगता, ती आसनावर बसल्यावरच येते असं नाही रे. सतिपट्ठान सुत्त, म्हणजे बुद्धाचं या सजगतेवरचं प्रवचन, वाच एकदा, त्यात चालताना मी चालतोय हे जाणायचं, हात वाकवताना, खाताना, पिताना, अगदी संडासला जाताना, बोलताना आणि गप्प बसतानाही, इतकं साधं सांगितलंय. यातलं काय आहे जे तुझ्या ऑफिसात दिवसभर चालू नसतं?

मला सगळ्यात जवळचे वाटतात ते बर्मातले विपश्यना ध्यानाचे आचार्य सयाजी ऊ बा खिन, कदाचित मीही आयुष्यभर अकाउंट्समध्येच घालवलं म्हणून असेल. साध्या क्लार्कपासून सुरुवात करून १९४८ ला बर्मा स्वतंत्र झाल्यावर ते तिथले पहिले अकाउंटंट जनरल झाले, कधी कधी एकाच वेळी तीन-तीन चार-चार खाती सांभाळायचे, आणि ऑफिसातच एका खोलीत स्टाफला विपश्यना शिकवायचे. १९५२ मध्ये रंगूनला ध्यानकेंद्र काढलं तरी नोकरी चालूच. पुढे भारतात विपश्यना शिकवणारे गोएंका गुरुजी त्यांच्याकडे गेले ते मायग्रेनला कंटाळून, तर ऊ बा खिन म्हणाले की नुसतं डोकं दुखायचं थांबावं म्हणून येणार असाल तर नको, मन शुद्ध करायला या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण हल्ली ऑफिसांमध्ये माइंडफुलनेसचं सेशन ठेवतात ते माणसांनी जास्त काम करावं म्हणून, आणि त्यात शील, करुणा, आपण कमावतो ते कशातून कमावतो, हे काहीच येत नाही. तू तेवढ्यावर थांबू नकोस.

आता त्या मेलबद्दल. बुद्धाने दोन बाणांचा दृष्टांत दिलाय. एक बाण लागतो तो लागतोच, तुझ्यासाठी ती मेल. दुसरा आपणच मारून घेतो, सगळे काय म्हणत असतील, माझीच नेहमी अशी गत का, आता याला दाखवतोच. रात्री दोनपर्यंत तुला जागवलं ते त्या दुसऱ्याने. मलाही लागलाय तो, पस्तिशीत असताना, महिनाअखेरीला हिशोब जुळेना आणि एका सहकारिणीने माझं नाव पुढे केलं, मी तिथल्या तिथे असं काही लिहून पाठवलं की पुढे आठ महिने आम्ही एकमेकींशी बोललो नाही, शेजारी शेजारी बसून.

तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर ते एवढंच असतं. बोटं कीबोर्डवरून उचल, मांडीवर ठेव. नाकपुडीच्या तोंडाशी, वरच्या ओठावर श्वास कुठे लागतोय ते बघ, आत येताना गार, बाहेर जाताना किंचित गरम. मग अंगात काय चाललंय ते बघ, कान तापलेत, गळ्याशी आवळल्यासारखं झालंय, दात एकमेकांवर घट्ट. पालीत याला वेदना म्हणतात, आपल्या मराठीतली दुखणारी वेदना नव्हे, तिथे सुखद असो, दुःखद असो की दोन्ही नसो, जे जाणवतं ते सगळं वेदना. त्याला घालवायला जाऊ नकोस, नुसतं बघत राहा, ते वाढतं, थोडं हलतं, आणि मग कमी व्हायला लागतं, ते कमी होताना स्वतः अनुभवलंस ना की अनित्य हा शब्द तुला कोणी समजावून सांगायला लागणार नाही.

फ्रान्समध्ये व्हिएतनामी बौद्ध भिक्खू थिच न्हात हान्ह यांनी काढलेल्या प्लम व्हिलेज या विहारात फोनची रिंग वाजली की सगळे आधी श्वासाकडे लक्ष देतात आणि मगच उचलतात. तू दोन रिंग वाजू दे, तेवढं कोणालाही चालतं.

आणि हो, शांत राहा म्हणजे मुकाट्याने ऐकून घे असं मी म्हणत नाहीये. तुझी चूक नव्हती तर तारखा घालून, कोणी काय कधी पाठवलं ते स्पष्ट लिही. फक्त कान तापलेले असताना लिहू नकोस.

अजून उत्तर पाठवलं नसशील तर आज राहू दे, उद्या सकाळी लिही आणि पाठवायच्या आधी मला फोनवर वाचून दाखव, मी सहाला उठलेलीच असते.

तुझी आई