पाठ धरलीय, असं घरात सांगितलंय

वॉटसन लेक, युकॉन, कॅनडा
२७ जून, रात्रीचे साडेदहा (बाहेर ऊन आहे, थट्टा नाही)

बंड्या,

आधी शिव्या देऊन घे. दिल्यास? मग पुढं वाच.

तुझे तात्या गेल्याला सहा महिने होत आले आणि मी ग्रुपवर दोन जोडलेले हात टाकून गप्प बसलो. फोन केला नाही. तुझी वहिनी तीनदा म्हणाली, "अहो, बंडूभावजींना फोन तरी करा." मी दरवेळी म्हणालो, आत्ता तिकडं मध्यरात्र असेल. तिनं घड्याळ बघितलं नाही, हे माझं नशीब. का केला नाही ते तुला माहीत असणार. फोनवर तात्यांचं नाव निघालं असतं, मी बोलून गेलो असतो, आणि तू पुन्हा २०११ सारखा फोन आपटला असतास.

तब्येत बरी आहे. शुगर काठावर, गोळी चालू. तुझा गुडघा? दुकानाचं वरचं बांधकाम झालं का? पोराची सीईटी कशी गेली ते सविस्तर कळव, मी खरंच वाचतो. काकींना नमस्कार.

आता मूळ मुद्दा. आम्ही घरच घेऊन रस्त्यावर आलोय. पंचवीस फुटी आरव्ही, भाड्यानं. आत शेगडी, फ्रिज, संडास, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पोटमाळा, तिथं पोरं झोपतात. सिएटलहून निघून आज सहावा दिवस. डॉसन क्रीकपर्यंतच तेराशे किलोमीटर झाले आणि तिथं पोचल्यावर कळतं की खरा रस्ता इथून सुरू. अलास्का हायवेचा शून्याचा दगड तिथं आहे. थोरलीनं वाचून दाखवलं, पर्ल हार्बरनंतर १९४२ साली अमेरिकी लष्करानं आठ-नऊ महिन्यांत हा रस्ता जंगलातून काढला, दहा हजारांवर सैनिक, त्यातले एक तृतीयांश काळ्या पलटणींचे. मला आपला गडहिंग्लज–संकेश्वर रस्ता आठवला. त्याचं एक मोरीचं काम आपण बालवाडीत होतो तेव्हा सुरू झालं आणि बारावीला होतो तेव्हा उद्घाटन.

गाडी लिटरला जेमतेम चार किलोमीटर देते. तात्यांची ट्रॅक्स चौदा शिटा आणि टपावर कोंबड्यांची डालगी घेऊन यापेक्षा जास्त द्यायची. आणि संडासाच्या टाकीला इथं काय म्हणतात माहितीय? काळं पाणी. मोरीचं ते करडं पाणी, संडासाचं ते काळं. दर दोन दिवसांनी हातमोजे चढवून, जाड पाइप लावून, ते मी रिकामं करतो. गल्लीत कुणाला सांगू नकोस. गल्लीत मी अजून अमेरिकेतला इंजिनिअर आहे.

परवा फोर्ट नेल्सन सोडलं आणि रस्ता डोंगरात शिरला. या आख्ख्या हायवेची सगळ्यात उंच जागा तिथंच पुढं आहे, समिट लेक, १२९५ मीटर. म्हणजे महाबळेश्वरापेक्षा कमीच. हे मी पोरांना ऐटीत सांगितलं. "आम्ही आंबोली घाट वडापच्या गाडीनं उतरलोय," असंही म्हणालो. उतरलोय, म्हणालो. बघ.

चढ निवांत गेला. उतार लागला आणि मी ब्रेकवर पाय ठेवून उतरायला लागलो. ऑटोमॅटिक गाडी, डी मध्ये टाकली की आपलं काम संपलं असं डोक्यात. साडेसहा टनाचं धूड आहे रे ते, टाकी भरलेली, पाणी भरलेलं. तिसऱ्या की चौथ्या वळणाला वास आला. तोच वास. क्लच जळल्यासारखा, घशात कडवट बसणारा. तू मागच्या बाकावर ऊस सोलत होतास आणि म्हणालास, "कोण टायर जाळतंय?" तोच. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी, साडेअकरा हजार किलोमीटरवर, नाकानं ओळखला. मग पेडल खाली गेलं. आणखी दाबलं, आणखी खाली गेलं. मऊ. लोण्यात पाय घातल्यासारखं.

आणि मी काहीच केलं नाही.

नीट ऐक. मी घाबरून ओरडलो नाही, हँडब्रेक ओढला नाही, गेर बदलला नाही. दोन्ही हात स्टेरिंगवर, नजर समोर, डोकं पांढरं. समोरून एक लाकडाचा ट्रक चढत येत होता तो दिसत होता, पण सिनेमातला दिसावा तसा. तुझी वहिनी शेजारी काकड्या चिरत होती. तिनं काकडी टाकली, "गेर! खालचा गेर!" म्हणाली, आणि माझ्या हाताखालून हात घालून स्टेरिंगच्या दांड्यावरचा गेर स्वतःच खाली ओढला. इंजिन असं किंचाळलं की धाकटा रडायला लागला. एकदा, परत एकदा. गाडी रडतखडत हळू झाली आणि उजवीकडं खडीची मोकळी जागा होती तिथं घातली. ती पण तिनंच, "इकडं, इकडं, वळवा" म्हणत. मागं फळीवरचा पोळपाट सुटून आला आणि सिंकच्या काठावर आपटून सरळ दोन तुकडे.

पुढच्या चाकातून धूर येत होता. पाच मिनिटांत मागून एक पिकअप थांबली, ट्रेलर लावलेली. सत्तरीची बाई, डोक्यावर मळकी टोपी. या रस्त्यावर कुणी थांबलेलं दिसलं की मागचा थांबतोच. ती काही बोलली नाही, चाकाजवळ गेली आणि तळहात उलटा करून, न लावता, चाकापासून वीतभर अंतरावर धरला. अरे, तात्या धरायचे तसाच! संकेश्वरच्या स्टँडवर, बिडी तोंडात, उलटा हात. माझ्या पोटात कसंतरी झालं. मी पाण्याचा कॅन घेऊन पुढं झालो तर ती खेकसली, अजिबात ओतायचं नाही, डिस्क तडकेल, तासभर गप्प बसा. (आंबोलीत पाणी ओतू म्हणणारा तू होतास. नोंद असावी.) मग तिनं गेराच्या दांड्याच्या टोकावरचं एक बटण दाखवलं, ते दाबलं की उतारावर गाडी स्वतःच खालच्या गेरात राहते. चार दिवस ते बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. जाताना म्हणाली, ज्या गेरात चढशील त्याच गेरात उतरायचं.

इंग्रजीत म्हणाली, पण मला तात्यांच्याच आवाजात ऐकू आलं. "ज्या गेरात चढली, त्याच गेरात उतरवायची. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याच्या बायकोचं कुंकू वाचत नाही." किती वेळा ऐकवलं होतं आपल्याला. आणि त्या दिवशी मी न्यूट्रलला टाकली. तू म्हणालास, टाक, गोव्यात बिअरला पैसे उरतील. यावर आपलं भांडण मिटलेलं नाही, मी अजूनही म्हणतो की कल्पना तुझी होती. पण हात माझा होता.

त्यानंतर मी स्टेरिंगला हात लावलेला नाही. पाठ धरलीय, असं सांगितलंय. तुझी वहिनी रोज रात्री बाम चोळते. चांगली धडधाकट पाठ माझी, आग आग होते. पावणेचारशे किलोमीटर तिनं चालवलीय, जन्मात कॅमरीपेक्षा मोठं काही न चालवलेल्या बाईनं. मन्चो लेकच्या काठानं चालवली, जिथं रस्ता तळ्याला अगदी चिकटून जातो, आणि मी मागं बसून चहा केला. लिआर्डला रस्त्यात गव्यांसारखा कळप आला, बायसन, ती शांतपणे थांबली आणि हॉर्नसुद्धा वाजवला नाही. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात आम्ही सगळे डुंबलो. धाकटा म्हणाला, बाबा, गरम पाण्यानं पाठ बरी होते ना? कार्टं वकील होणार.

आणि ती सगळ्यांना काय सांगते? फोनवर तिच्या आईला सांगत होती, "हे इतके शांत होते ना गं, मी नुसती आरडाओरडा करत होते, पण ह्यांच्या तोंडावरची रेष हलली नाही." बंड्या, अजून एकदा हे ऐकलं तर मी त्या तळ्यात उडी टाकीन. पाणी बर्फासारखं आहे.

तुला एक गोष्ट आजवर सांगितली नाही. तू आंबोलीचं जेव्हा जेव्हा बोललास तेव्हा शेवटी एकच वाक्य म्हणालास: "पण लेका, गाडी डोंगराकडच्या गटारीत घातलीस म्हणून वाचलो, दरीकडं गेली असती तर संपलो होतो." माझ्या लग्नात दारू पिऊन म्हणालास. दवाखान्यात, गळ्याच्या हाडाला पट्टा बांधलेला असताना म्हणालास. त्याच भांडवलावर तू तात्यांना सांगितलंस की गाडी तू चालवत होतास. माझा बाप मास्तर, शिक्षण बंद करेल. तुझा बाप दोन मुस्काटात ठेवून विसरेल. असा तुझा हिशेब. तात्या विसरले नाहीत. दोन महिन्यांत ट्रॅक्स विकली, कर्जाचे हप्ते राहिले ते राहिलेच, तुला पुन्हा कुठल्या गाडीची किल्ली दिली नाही आणि विसाव्या वर्षी खिळे-मोळे मोजायला दुकानात बसवलं. मी इंजिनिअर झालो.

मी घातली नव्हती रे गटारीत. मी डोळे मिटले होते. स्टेरिंग हातात होतं एवढंच. गाडी आपली आपण गेली.

परवापर्यंत मीच स्वतःला सांगत होतो की आठवत नाही. वास आला आणि सगळं आठवलं, वळणावरचा पिवळा दगडसुद्धा. या वेळी डोळे उघडे होते, फरक तेवढाच.

काल इथल्या कॅम्पात थोरली म्हणाली, "बाबा, फक्त दहा फूट मागं घेऊ? जागा रिकामी आहे, लर्निंग लायसन्स आहे माझ्याकडं." मी असा ओरडलो की शेजारच्या तंबूतनं म्हातारा बाहेर आला. ती काही बोलली नाही, किल्ली टेबलावर ठेवली. नंतर रात्रभर मला तात्यांचा चेहरा दिसला. तुझ्या पुढ्यातनं किल्ली उचलून कनवटीला लावणारे तात्या.

आता पुढं व्हाइटहॉर्स साडेचारशे किलोमीटर, मग क्लुआनी, मग फेअरबँक्स. बीव्हर क्रीकच्या अलीकडं जमिनीखालचं बर्फ वितळून रस्ता लाटांसारखा होतो म्हणतात. ते सगळं होईल, ती चालवेल. मला भीती परतीची. परत येताना तोच घाट दुसऱ्या बाजूनं उतरायचा आहे आणि तोवर पाठ बरी व्हायला पाहिजे, नाहीतर ती डॉक्टरकडं नेईल. अलास्कातल्या हेन्सहून एक बोट निघते, आरव्हीसकट घेते आणि खाली सिएटलजवळ बेलिंगहॅमला सोडते. दर बघितला. विमानानं तुम्हा सगळ्यांना इकडं आणून परत पाठवलं तरी त्यात चार पैसे उरतील. मी बघत असताना तुझी वहिनी मागं उभी होती. म्हणाली, "पाठीला बोट कशाला?" मी म्हणालो, पोरांना समुद्र दाखवू. सिएटलच्या पोरांना. समुद्र.

इथं एक गंमत आहे. १९४२ मध्ये रस्त्याच्या कामावरच्या एका सैनिकाला घरची आठवण आली म्हणून त्यानं आपल्या गावाच्या नावाची पाटी ठोकली. मग ज्यानं त्यानं ठोकली. आता ऐंशी हजारांच्या वर पाट्यांचं रान झालंय. पोरांनी हट्ट धरला, तर पाटी म्हणून तो फुटका पोळपाट निघाला. अर्ध्या पोळपाटावर मार्करनं थोरलीनं "गडहिंग्लज" लिहिलं. "हिं" वरचा अनुस्वार "ग्ल" वर पडला आणि ते "गडहिग्लंज" झालं. मी म्हणालो राहू दे, पोस्टमनला कळेल. ठोकायला खिळा नव्हता. तुझी आठवण आली, शपथ. शेजारच्या म्हाताऱ्यानं दोन दिले, दीड इंची, गंजलेले. तू गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकले असतेस.

तुझ्या वहिनीनं पाटीचा फोटो काढला आणि विचारलं, "तुम्ही परवापासून गप्प का आहात?" मी म्हणालो, पाठ.

तिला सांगणार आहे. सगळं, पहिल्यापासून. तुला विचारत नाही, कळवतोय. २०११ ला तू म्हणालास, "तुला हलकं व्हायचंय म्हणून मी बापापुढं खोटा ठरू?" बरोबर होतं तुझं. पण आता तात्या नाहीत. काकींचं तू ठरव, त्यात मी पडत नाही. डोळे मिटले होते हे मात्र तुला आधी कळायला हवं होतं, बायकोच्याही आधी.

थोरलीच्या चित्रकलेच्या वहीचे कागद संपत आले. व्हाइटहॉर्सला रेंज मिळेल तेव्हा फोटो काढून पाठवतो, अक्षर लागलं नाही तर पोराकडून वाचून घेऊ नकोस. बाहेरून हाक येतेय, काळ्या पाण्याचा दिवस आहे आज.

एकच विचारायचं आहे. तात्या तीस वर्षं घाट चालवलेला माणूस. त्यांनी तुला विचारल्याशिवाय सोडलं नसणार, की गाडी डोंगराकडं कशी वळवलीस, कुठल्या हातानं ओढलीस. तू तेव्हा काय सांगितलंस रे?

तुझाच,
बाळ्या