पहिली नोकरी धरताना मशीन कुठलं ते पण विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकाल लागले की तुमच्या करिअर पुरवणीत एमपीएससी, नीट, परदेशी शिक्षण हे सगळं येतं, येऊ दे, पण आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूरच्या गेटवर बायोडेटा घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरांनी कुठलं काम धरावं आणि कुठलं सोडावं हे कुणी लिहित नाही. मी भोसरीत टूल रूमला (साचे, डाय बनवतात तिथे) आहे, नवीन पोरं कायम बघतो, म्हणून लिहितोय. जागा असेल तर छापा.

पोरं पहिलं विचारतात, "हातात किती?" त्यात काही चूक नाही हो, रूमभाडं, मेस, घरी पाठवायचे पैसे, सगळं त्यातूनच भागवायचं असतं. पण होतं काय, की दोन हजार जास्त मिळतात म्हणून टर्नर झालेला पोरगा ठेकेदाराकडून असेंब्ली लाइनला लागतो आणि दिवसभर तेच चार बोल्ट आवळत बसतो. ओटी मिळतो, वर्षभर बरं वाटतं, हप्त्यावर गाडी पण येते. मग दोन-तीन वर्षांनी दुसरीकडे इंटरव्ह्यूला कुणी ड्रॉइंग पुढे ठेवलं की टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालतं ते) सांगता येत नाही, मायक्रोमीटर वाचताना अडखळतो, कारण आयटीआयला शिकलेलं सगळं तोवर विसरलेलं असतं. मग परत ठेकेदार, परत लाइन.

सीएनसी, व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर "ऑपरेटर पाहिजे" असं लिहिलेलं असतं तिथे पण खोदून विचारा. नुसता जॉब (म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा) लावायचा, सायकल स्टार्ट दाबायचं, जॉब काढायचा एवढंच असेल तर ते काम कुणीही आठवड्यात शिकतं. ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) कोण टाकतं, टूल तुटलं तर कोण बदलतं, पहिला पीस कोण चेक करतं? हे सगळं सेटरच (मशीन कामाला लावून देणारा) करणार आणि तुम्हाला पॅनलला हात पण लावू देणार नसतील तर वर्षाच्या वर तिथे थांबू नका. याउलट आमच्याकडे आठ-दहा मशीनची छोटी वर्कशॉप आहेत, मालक स्वतः मशीनवर उभा असतो, पगार कमी, कँटीन नाही, शिव्या भरपूर, पण वर्ष-दीड वर्षात सेटिंगपासून व्हर्नियर, हाइट गेज असल्या मापाच्या साधनांपर्यंत सगळं हाताखालून जातं (सगळे मालक शिकवतात असं नाही, काही नुसते राबवून घेतात, तिथल्या जुन्या कामगाराला चहाच्या टपरीवर गाठा, तो खरं सांगतो). मोठ्या कंपनीचा युनिफॉर्म असला की लग्नाच्या बाजारात भाव येतो हे मला पण माहितीये, फक्त आयकार्डावर ठेकेदाराचं नाव असतं ते पाहुणे वाचत नाहीत.

अप्रेंटिसशिपला पोरं नाक मुरडतात, स्टायपेंड कमी, पीएफ नाही, नंतर कायम करतील याची गॅरंटी नाही. खरंय. पण १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप पूर्ण करून परीक्षा पास झालात की जे सर्टिफिकेट मिळतं ते देशभर चालतं. २०२४ ला राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात आयटीआय-डिप्लोमावाल्यांना महिना ८ हजार, आधी सहा महिने, मग मुदत वाढवून अकरा महिने. पैसे वाईट नाहीत, पण आमच्या गावाकडचा एक वायरमन झालेला पोरगा त्यात एका ऑफिसात झेरॉक्स काढत होता, त्याच्या ट्रेडला त्याचा काय उपयोग?

आणि ठेकेदाराकडे लागायची वेळ आलीच, बऱ्याच जणांवर येते, तर पहिल्याच महिन्यात यूएएन नंबर (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) मागून घ्या आणि उमंग अ‍ॅपवर पासबुक बघत जा, स्लिपमध्ये पीएफ कापलेला दिसतो पण भरलेला असतोच असं नाही. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयचं (कामगारांच्या सरकारी विम्याचं) कार्ड पण मागा, बोट मशीनमध्ये गेलं तर तेच कामाला येतं.

संपादकसाहेब, टॉपरच्या मुलाखती छापता तशी एखाद्या व्हीएमसी सेटरची पण छापा, आणि त्याला रोज किती तास अभ्यास केला ते विचारू नका, पहिली दोन वर्षं कुठल्या मशीनवर आणि कुणाच्या हाताखाली काढली ते विचारा.

आपला,
एक वाचक, भोसरी