शाळेच्या व्हॅनचे सेंट्रल लॉक बॅटरी काढून तपासा

महोदय,

शाळा उघडायच्या सुमारास ठाणे, कळवा, ऐरोली भागांत ईको आणि जुन्या ओम्नी व्हॅनला कंपनीचे नसलेले, बाजारातले सेंट्रल लॉक (सगळी दारे एकदम लॉक करणारी यंत्रणा) बसवून घेतले जाते. चालत्या गाडीत मुलांनी दार उघडू नये, हा हेतू रास्तच आहे. पण घाईत केलेली फिटिंग मुलांना आतच कोंडू शकते, आणि हे पालकांच्या लक्षातही येत नाही.

किटमध्ये साधारणपणे एक कंट्रोल युनिट, चालकाच्या दारासाठी पाच वायरींची मास्टर गन (गन म्हणजे दाराचे लॉक ओढणारी छोटी मोटर; मास्टर म्हणजे बाकीच्या गनना इशारा देणारी) आणि बाकी दारांसाठी दोन वायरींच्या तीन गन असतात. गनचा रॉड जेमतेम दोन सेंटिमीटर सरकतो. म्हणून तो मूळ लॉकच्या रॉडला समांतर बसायला हवा. तिरका बसला की दार लॉक होते, पण उघडताना मध्येच अडते. वीज नसताना हाताने दारावरचे लॉकचे बटण उचलायला गेले तरी जड लागते, लहान मुलाच्या बोटांनी तर ते हलतच नाही. पुढच्या दारांत भोक पाडण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन पाहावी, नाहीतर ती गनवर आदळते.

खरा धोका वायरिंगमध्ये आहे. चारही गन एकदम ओढतात तेव्हा क्षणभर दहा-पंधरा अँपिअर करंट जातो. तरीही हॉर्नच्या किंवा लायटरच्या वायरीलाच मध्ये जोड मारून काम उरकले जाते. सप्लाय थेट बॅटरीवरून घ्यावा आणि टर्मिनलपासून वीतभर अंतरात स्वतंत्र १५ अँपिअरचा फ्यूज टाकावा. बिजागरीजवळ वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी बुश (भोकात बसणारे, वायरीभोवतीचे रबरी कडे) हवाच. तो नसेल तर दार उघडता-मिटता पत्र्याची धार इन्सुलेशन कापते, शॉर्ट होऊन फ्यूज उडतो आणि दारे त्या क्षणी लॉक असतील तर लॉकच राहतात. फ्यूजच नसेल तर वायर पेटते. सीएनजी व्हॅनमध्ये एकही जोड टाकीच्या किंवा गॅसच्या पाइपच्या जवळ नसावा.

दाराच्या पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाडून टाकू नये. आपल्याकडच्या पावसात काचेच्या फटीतून पाणी आत उतरणारच. वायर गनच्या खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे पाणी तिच्यावरून गनमध्ये शिरत नाही.

सरकत्या दाराला बिजागरी नसते, म्हणून तिथे खांबावर स्प्रिंगच्या पिना आणि दारावर पट्टी लावतात. दार पूर्ण मिटले तरच करंट मिळतो. खाडीकडच्या खाऱ्या हवेत या पिनांवर हिरवट थर धरतो. मग तीन दारे उघडतात आणि चौथे लॉकच राहते, चालकाला पत्ताही लागत नाही.

म्हणून शाळेच्या व्हॅनच्या सरकत्या दारांना गन लावूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथे चाइल्ड लॉक पुरेसा आहे: आतून दार उघडत नाही, पण बाहेरून कोणीही उघडू शकतो. त्यावर सेंट्रल लॉक चढवले की दोन्ही वाटा बंद होतात. मालवाहू व्हॅनची गोष्ट वेगळी, तिथे सगळ्या दारांना लॉक असणे योग्यच. वेग वाढला की आपोआप लॉक होण्याची जोडणी मात्र शाळेच्या गाडीत नको. धडक बसल्यावर दारे अनलॉक करण्याची सोय कंपनीच्या बऱ्याच गाड्यांत असते, या साध्या किटमध्ये ती नसते.

फिटिंगनंतरची तपासणी पाच मिनिटांची आहे. दारे लॉक करावीत, बॅटरीचे टर्मिनल काढावे, आत बसून प्रत्येक दाराचे बटण एका बोटाने वर उचलून पाहावे. एक जरी अडले तर गन काढून रॉड पुन्हा सरळ करून घ्यावा. ठाणे आणि नवी मुंबईच्या आरटीओंनी शाळेच्या व्हॅनच्या फिटनेस तपासणीत हे करून पाहावे, आणि पालकांनी व्हॅन ठरवताना चालककाकांना समोर करून दाखवायला सांगावे. काच फोडायचा हातोडा चालकाच्या हाताशी आहे ना, तेही त्याच वेळी बघून घ्यावे.

– काही ऑटो इलेक्ट्रिशियन, कळवा (ठाणे)