सर्पदंशाच्या लसीचा अपुरा पुरवठा आणि गरम झालेले ऑक्सिटोसिन

दि. 9 जुलै 2025

प्रति,
व्यवस्थापक, वितरण विभाग

विषय : 23 जूनच्या ऑर्डरमधील कमी, उशिरा व खराब स्थितीत आलेल्या मालाबाबत.

महोदय,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या 30 खाटांच्या आमच्या रुग्णालयाचं औषध भांडार मी सांभाळते. 23 जूनला आम्ही तुमच्याकडे सर्पदंशाच्या लसीच्या 40 व्हायल आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणाऱ्या ऑक्सिटोसिनचे 100 अँप्युल मागवले. आपल्या करारात चार दिवसांत माल पोचवायचं ठरलं आहे. तो 5 जुलैला, शनिवारी रात्री आला आणि तुमचा माणूस खोकं गेटवरच्या वॉचमनकडे ठेवून निघून गेला.

एकादशीच्या सकाळी मी खोकं उघडलं. बिल 40 व्हायलचं, आत 24. त्यातल्या 14 व्हायलवर एक्स्पायरी सप्टेंबर 2025. ऑक्सिटोसिन साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, सोबत पूर्ण वितळलेले दोन जेल पॅक. आत थर्मामीटर ठेवून पाहिला तर 27 अंश. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, हे तुमच्याच लेबलवर छापलेलं आहे. तुमच्या प्रतिनिधींना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, एवढ्याने काही होत नाही." होतं की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, हीच तर अडचण आहे. उन्हात तापलेलं ऑक्सिटोसिनही पाण्यासारखं स्वच्छच दिसतं. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसताना ते लागू पडत नाही, तेव्हा कळतं. ते सगळे अँप्युल मी "वापरू नये" अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवले आहेत.

आता लसीबद्दल. आमच्याकडे 30 व्हायल उरल्या की नवी ऑर्डर जाते. हा आकडा हवेतून आलेला नाही : एका रुग्णाला सुरुवातीलाच साधारण 10 लागतात, म्हणजे तीन रुग्णांपुरता साठा. भातलावणीच्या दिवसांत कोकणात फुरसं आणि घोणस चावल्याचे रुग्ण कसे येतात, हे इथे माल विकणाऱ्याला वेगळं सांगायला नको. 2 जुलैच्या रात्री आमच्याकडे 14 व्हायल होत्या. लावणीवरून आलेल्या एका बाईंना 10 दिल्या आणि तासाभरात नऊ वर्षांचा मुलगा आला. मूल लहान म्हणून डोस लहान होत नाही, कारण साप विष वयानुसार मोजून सोडत नाही. उरलेल्या चारवर त्याचं सुरू केलं आणि अँब्युलन्सचा ड्रायव्हर सरकारी ग्रामीण रुग्णालयातून 10 व्हायल उसन्या घेऊन येईपर्यंत आम्ही सगळे दाराकडे बघत होतो. दोघंही घरी गेले, पण त्यात तुमच्या पुरवठ्याचा काही वाटा नाही.

त्या उसन्या व्हायल परत करायच्या आहेत. सप्टेंबरची एक्स्पायरी असलेल्या दिल्या तर ते घेणार नाहीत, आणि का घ्याव्यात?

एक चूक आमचीही झाली. खोकं मोजण्याआधीच आमच्या सहायकाने बिलावरून कॉम्प्युटरला 40 ची नोंद केली. प्रत्यक्षात नसलेल्या 16 व्हायल सोमवारी सकाळपर्यंत स्क्रीनवर दिसत होत्या. आता मोजल्याशिवाय नोंद होत नाही.

तुमच्याकडे माल नव्हता, हा माझा राग नाही. पावसाळ्यात तुटवडा पडतो, समजू शकते. पण 24 जूनला एका ओळीचा मेसेज आला असता, "40 नाहीत, 24 मिळतील, उशीर होईल," तर मी त्याच दिवशी कोल्हापूरला दुसरीकडे मागणी नोंदवली असती. मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच : "माल निघालाय."

तरी 16 व्हायलची क्रेडिट नोट आठवडाभरात द्यावी. सप्टेंबरच्या 14 व्हायल बदलून किमान वर्षभराची मुदत शिल्लक असलेल्या द्याव्यात. ऑक्सिटोसिनचे 100 अँप्युल परत न्यावेत. "पुढच्या ऑर्डरला स्कीममध्ये अ‍ॅडजस्ट करतो" हा प्रतिनिधींचा प्रस्ताव आम्हाला मान्य नाही. एकावर एक फुकट घेऊन मी रुग्णाला काय देणार? हे मिटेपर्यंत या बिलाचं पेमेंट थांबवलं आहे. बॅच नंबर, बिल आणि थर्मामीटरसकट काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

बदली माल थर्माकोलच्या डब्यात, गोठवलेल्या जेल पॅकसह, सकाळी दहा ते पाचमध्ये थेट भांडारात आणून द्यावा आणि माझ्यासमोर मोजावा. वॉचमनकडे फ्रिज नाही.

आपली,
औषध भांडार प्रमुख