बहुभाषिक मुंबई आणि पालिकेच्या शाळा

महोदय,

मुंबईत भाषेचा वाद पेटला की चर्चा मराठी विरुद्ध हिंदी एवढ्यावरच अडते आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे नांदलेल्या इतर भाषांची कुणी दखलही घेत नाही, याचे मनापासून वाईट वाटते. १८२२ साली सुरू झालेले ‘मुंबई समाचार’ हे गुजराती दैनिक आजही निघते. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्राकडची गुजराती कानी पडते आणि तिथून जवळच, चामडे कमावण्याच्या धंद्यासाठी तिरुनेलवेलीकडून आलेल्यांच्या नातवंडांची तमिळ. कोळीवाड्यांतली बोली तर या सगळ्यांच्या आधीपासूनची.

महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते, हे मला या शहराचे मोठेपण वाटते. पण इंग्रजी माध्यमाच्या ओढीने मराठी शाळांचीच पटसंख्या रोडावत असताना तमिळ किंवा कन्नड वर्गांचा कैवार कोण घेणार? २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, ते योग्यच झाले. मात्र सक्तीने विषय वेळापत्रकात येतो, भाषा तोंडी बसायला चांगला शिक्षक लागतो, आणि त्याला मुलांच्या घरची भाषा थोडीफार येत असेल तर मराठी त्यांना परकी वाटत नाही. पालिकेने अशा द्विभाषिक शिक्षकांची नेमणूक प्राधान्याने करावी आणि पट कमी झाला एवढ्याच कारणाने लहान भाषांचे वर्ग बंद करू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, शीव, मुंबई