मांजलपूरच्या हॉलमधलं प्रदर्शन

वडोदरा

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या सोसायटीतल्या चित्रकारांचं प्रदर्शन कम्युनिटी हॉलमध्ये भरवायचं ठरलं, हे वाचून फार आनंद झाला. फोनवर मोजमापं नीट सांगता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

कमिटीला शंभर चित्रं लावायची आहेत, ते मात्र मान्य करू नकोस. चाळीस बाय पंचवीसच्या हॉलला भिंत १३० फूट खरी, पण दारं, खिडक्या, स्टेज आणि स्विचबोर्ड वजा केले की जेमतेम ७० फूट हाती लागते. १५ बाय २२ इंचांचा कागद उभा धरला तरी माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि फ्रेमसह रुंदी २३ इंचांवर जाते, आणि शेजारच्या चित्रापासून दीड फूट तरी मोकळं हवं. म्हणजे चित्रामागे साडेतीन फूट, एकूण वीस चित्रं. मधल्या जागेत आठ बाय चारचे प्लाय जोडीजोडीने बिजागऱ्यांनी जोडून उभे करा. चार जोड्यांच्या दोन्ही बाजू धरल्या तर आणखी सोळा चित्रं मावतील. जोडीचा कोन काटकोनाच्या आसपासच ठेवा. फार उघडली तर मुलाच्या धक्क्यानेही ती आडवी होते. उरलेल्यांसाठी पुढच्या दोन रविवारी आणखी दोन भाग भरवा. कुणाला नाराज करायचं नाही म्हणून चित्राला चित्र खेटवलं तर सगळ्यांवरच अन्याय होतो.

उंची चित्राच्या मध्यावरून मोजायची, वरच्या कडेवरून नाही. जमिनीपासून मध्य १४५ ते १५० सेंटिमीटरवर येऊ दे. गायकवाडांच्या कीर्ती मंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं मान वर करून पाहावी लागतात, पण ती त्या वास्तूसाठीच रंगवलेली आहेत. जलरंगातलं घाटाचं चित्र सहा फुटांवर टांगलं तर फक्त काच दिसते. फ्रेमला मागून दोन रिंगा वरून एक तृतीयांशावर लावून घ्या आणि चित्र भिंतीवर दोन हुकांवर टांगा. एका खिळ्यावरचं चित्र पंख्याच्या वाऱ्यानेही तिरकं होतं.

हॉलमधल्या ट्यूबलाइटी मात्र बंदच ठेवा. त्यांची पांढरी पट्टी काचेत उमटते आणि समोर उभं राहिलं की स्वतःचाच चेहरा दिसतो. छताच्या पट्टीवरून एलईडी स्पॉट चित्रावर उभ्या रेषेपासून तीस अंशांत पाडा. बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त आहे का ते बघा. त्याहून कमी असेल तर लाल आणि त्वचेचे रंग मेल्यासारखे दिसतात. पश्चिमेच्या खिडकीसमोर जलरंग नकोच.

सगळ्यात जास्त नुकसान फ्रेमच्या आत होतं, आणि ते महिन्यांनी कळतं. काच कागदाला टेकलेली असली की पावसाळ्यात दमटपणा तिथेच अडकतो. बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात, कधी रंगच काचेला चिकटतो. माउंटची जाडी हे अंतर राखते, म्हणून माउंट नुसता शोभेसाठी नसतो. तो आम्लरहितच मागायचा. साध्या पुठ्ठ्याने चित्राच्या कडेला पिवळी रेघ उमटते आणि ती निघत नाही. कागद चारही बाजूंनी डकवू देऊ नका. हवेतल्या ओलाव्याने कागद फुगतो, त्याला पसरायला जागा मिळाली नाही की मधे लाटा येतात. वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावल्या की पुरे. सेलोटेप तर अजिबात नको.

तुमच्याकडे व्यक्तिचित्रांच्या रांगोळ्या काढणाऱ्या काकू आहेत, त्यांना कोपरा नको, स्टेजसमोरची जागा दे. फरशी आदल्या दिवशी पुसून पूर्ण कोरडी करा, कारण ओलावा राहिला तर चिरोडीचे, म्हणजे रांगोळीच्या भुकटीचे, रंग गडद डागासारखे दिसतात. त्या भागातले पंखे बंद, आणि चारही बाजूंनी तीन फुटांवर दोरी. चेहऱ्याच्या छटांसाठी रंग बारीक मलमलीतून गाळावा लागतो. त्यासाठी त्यांना पूर्ण एक दिवस हॉल मोकळा मिळायला हवा. बाकीची चित्रं त्याआधीच टांगून झालेली असावीत, नाहीतर भिंतीत ड्रिल करताना उडालेली धूळ थेट त्या चेहऱ्यावर बसेल.

प्रत्येक चित्राच्या उजव्या बाजूला खाली पट्टी लावा: चित्रकाराचं नाव, माध्यम, आकार, वर्ष. 'गृहिणी', 'निवृत्त' असं काही लिहू नका. शाळेतल्या मुलांची चित्रंही त्याच उंचीवर, तशाच पट्टीसह. १९५० साली इथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी सुरू झाली, चित्रकार ना. श्री. बेंद्रे, शिल्पकार शंखो चौधुरी, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी तिथे शिकवलं. अशा शहरात चित्र जाणणारा माणूस कुठल्याही सोसायटीत निघतो. तो येईल, जवळ जाऊन पाहील, असं धरूनच तयारी कर.

नवरात्र टाळ, सगळे गरब्यात असतात. डिसेंबरची कोरडी हवा कागदाला मानवते, आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आत सगळं उरकतंही.

हॉलचा नकाशा आणि प्लगपॉइंटच्या जागा कागदावर काढून पाठव, म्हणजे प्लायच्या जोड्या कुठे उभ्या करायच्या ते मी आखून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत